रोज एक वीट : माँटगमेरीच्या एका बॅप्टिस्ट मंडळीची कथा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दक्षिणेकडे अलाबामा नावाचे राज्य आहे. माँटगमेरी ही त्याची राजधानी. नदीच्या काठी वसलेले आणि कापसाच्या पेठेवर मोठे झालेले हे शहर. त्याच्या नॉर्थ रिप्ली रस्त्यावर तांबड्या विटांचे एक भक्कम उपासनामंदिर उभे आहे. फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च हे त्याचे अधिकृत नाव. परंतु गावात त्याला आणखी एक नाव आहे, आणि ते अधिक खरे आहे. ते नाव म्हणजे 'रोज एक विटेचे चर्च'. पंढरीच्या वाटेवर वाढलेल्या मराठी माणसाला विटेचे माहात्म्य निराळे सांगावयास नको. मात्र इथली वीट देवाने उभे राहावे म्हणून कोणी पुढे सारलेली नाही; माणसांना ताठ उभे राहता यावे म्हणून ती एकेक करून वाहून आणलेली आहे.

बॅप्टिस्ट पंथाची ओळख मराठी वाचकाला अगदीच नवी नाही. श्रीरामपूरच्या छापखान्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ज्यांनी 1805 साली मराठी भाषेचे व्याकरण छापून प्रसिद्ध केले, ते विल्यम केरी याच पंथाचे. हैदराबाद-सिकंदराबादकडील मंडळींना तर तेलुगू मुलखातील अमेरिकन बॅप्टिस्टांचे कार्य चांगले परिचित आहे. या पंथात बाप्तिस्मा लहान मुलाला देत नाहीत. जाणत्या वयात, स्वतःच्या तोंडाने श्रद्धा प्रकट करणाऱ्यालाच तो पाण्यात बुडवून देतात. पण या कथेच्या दृष्टीने पंथाचे दुसरे वैशिष्ट्य अधिक महत्त्वाचे आहे. बॅप्टिस्ट मंडळीवर बिशप नसतो. प्रत्येक मंडळी आपला पाळक आपण निवडते, आपली मालमत्ता आपण सांभाळते आणि आपले निर्णय आपल्या सभेत घेते. अलाबामाच्या 1901 सालच्या राज्यघटनेने पट्टीची आणि अक्षरओळखीची अट घालून कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क जवळजवळ पुसून टाकला. अशा राज्यात, ज्याला नगरपालिकेच्या निवडणुकीत कोणी विचारीत नव्हते, त्याला रविवारच्या सभेत मात्र मत होते. हे ध्यानात ठेवल्यावाचून पुढील हकीकतीचा अर्थ लागावयाचा नाही.

माँटगमेरीत गुलामांचा व्यापार तेजीत चाले. शहराच्या मध्यभागी त्यांचे लिलाव होत आणि व्यापाऱ्यांचे कोंडवाडे आसपासच्या रस्त्यांवर असत. शहरात गोऱ्यांचे फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च होते आणि मालकांबरोबर त्यांचे गुलामही तेथे उपासनेस येत. एकच पवित्रशास्त्र, एकच बाप्तिस्मा, एकच प्रभुभोजन. परंतु बसावयाचे ते वरच्या सज्ज्यात. 1844 साली अलाबामाच्या बॅप्टिस्टांनी धर्मप्रसारक संस्थेला रोखठोक प्रश्न टाकला की, गुलाम बाळगणारा मनुष्य धर्मोपदेशक म्हणून पाठविण्यास तुम्ही तयार आहात काय? उत्तर मनाजोगे आले नाही. पुढील वर्षी, म्हणजे 1845 च्या मे महिन्यात, दक्षिणेतील बॅप्टिस्टांनी जॉर्जियातील ऑगस्टा येथे आपली निराळी परिषद स्थापिली. मंडळीचे स्वातंत्र्य हे दुधारी शस्त्र आहे, ते असे. त्याच्या बळावर गुलामगिरीचेही समर्थन झाले. 1861 च्या फेब्रुवारीत तर माँटगमेरी ही फुटून निघालेल्या दक्षिणी संस्थानांची पहिली राजधानीच झाली आणि जेफर्सन डेव्हिस यांनी तेथील सभागृहाच्या पायऱ्यांवर अध्यक्षपदाची शपथ घेतली.

चार वर्षांच्या यादवी युद्धानंतर गुलामगिरी कायद्याने संपली. सज्जा मात्र संपला नाही. 1867 साली त्या सज्ज्यातील सुमारे सातशे माणसे खाली उतरली, चर्चच्या बाहेर पडली आणि कोलंबस व रिप्ली या रस्त्यांकडील एका मोकळ्या जागेवर चालत गेली. तेथे त्यांनी स्वतःला 'फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च, कलर्ड' असे नाव दिले. हे नावही पाहण्यासारखे आहे. त्यांनी 'दुसरे' म्हणवून घेतले नाही. वर्ण वेगळा, हे मान्य. क्रमांक मात्र पहिलाच. नेथन ॲश्बी हे त्यांचे पहिले पाळक. व्हर्जिनियात गुलामीतच त्यांचा जन्म झालेला. पुढच्याच वर्षी अलाबामातील कृष्णवर्णीय बॅप्टिस्टांची राज्यपरिषद भरली, तिचे पहिले अध्यक्षही तेच. 1880 च्या नोव्हेंबरात याच मंडळीच्या छताखाली परदेशी धर्मकार्यासाठी एक परिषद स्थापन झाली. 1895 मध्ये तिच्यातून नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही कृष्णवर्णीयांची विशाल संघटना उदयास आली. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांची स्वतःची किंमत बाजारात ठरत होती, ती माणसे आता आफ्रिकेत धर्मोपदेशक पाठविण्याच्या गोष्टी करू लागली होती.

पण स्वातंत्र्य आले की भांडणेही आपली स्वतःची होतात. 1877 साली मंडळीत फूट पडली. जुन्या परंपरेत याचे कारण चिखल असे सांगतात. पावसाळ्यात चर्चचा रस्ता चिखलाने भरे. सुस्थितीतील काही कुटुंबांना, विशेषतः त्यांतील स्त्रियांना, पायांतील जोडे आणि झग्यांचे घोळ राखावयाचे होते. प्रवेशद्वार कोठे असावे यावरून बोलाचाली झाली आणि ती विकोपास गेली. चिखल हे निमित्त असावे. मुक्तीनंतरच्या दहा वर्षांत कोणी शिक्षक झाले होते, कोणी दुकानदार, तर बहुसंख्य लोक अद्याप धुणीभांडी, स्वयंपाक आणि हमाली करीत होते. उपासनेत मोठ्याने गाणे, रडणे, ओरडणे हे एकाला भक्तीचे लक्षण वाटे आणि दुसऱ्याला अडाणीपणाचे. कोणत्याही समाजात नव्याने वर आलेल्या माणसाला जुन्या चिखलाची सर्वांत अधिक भीती वाटते, तसे हे होते.

बाहेर पडलेल्यांनी दुसरी मंडळी स्थापिली. तिच्या आरंभीच्या सभा ज्या वास्तूत भरल्या, तेथे पूर्वी एका व्यापाऱ्याने गुलाम कोंडून ठेविले होते. 1879 च्या जानेवारीत त्यांनी 270 डॉलरना एक जागा घेतली. ती शहराच्या मुख्य रस्त्यावर, राज्याच्या सभागृहापासून हाकेच्या अंतरावर होती. डेव्हिस यांनी शपथ घेतली त्याच पायऱ्यांसमोर म्हटले तरी चालेल. तेथे 1883 ते 1889 या काळात विटांचे सुबक चर्च उभे राहिले. पुढे रस्त्याचे नाव डेक्स्टर ॲव्हेन्यू झाले आणि चर्चनेही तेच नाव धारण केले. शाळामास्तर, डॉक्टर, महाविद्यालयातील अध्यापक यांचे हे चर्च. येथे उपदेशाच्या वेळी कोणी मध्येच ओरडत नसे. रिप्ली रस्त्यावरील लोक त्याला मोठ्या लोकांचे चर्च म्हणत, आणि त्यात कौतुक होते त्यापेक्षा टोमणा अधिक होता.

मूळ मंडळीची संख्या मात्र वाढतच गेली. तिचे जुने उपासनामंदिर आगीत जळाले, तेव्हा ए. जे. स्टोक्स हे पाळक होते. सभासद हातावर पोट असलेले. पैसा आणावयाचा कोठून? स्टोक्स यांनी त्यांना एवढेच सांगितले की, प्रत्येकाने दररोज एक वीट घेऊन यावे. गरिबाचे अर्थशास्त्र पाळकाला पुस्तकी अर्थशास्त्राहून अधिक कळत होते. शंभर डॉलरची वर्गणी मागितली असती, तर मोलकरीण मान खाली घालून घरी गेली असती. एक वीट कोणालाही आणता येते. शंभर माणसांनी वर्षभर रोज एक वीट आणली तर छत्तीस हजारांवर विटा होतात, आणि येथे तर माणसे शेकड्यांनी होती. शिवाय पैसे देणाऱ्याला आपला पैसा कोणत्या भिंतीत गेला ते दिसत नाही. वीट आणणाऱ्याला ते दिसते. 1910 साली सुरू झालेले हे बांधकाम 1915 साली पुरे झाले. कमानी, मनोरा, जाड भिंती असे त्याचे रूप. दिवसभर दुसऱ्यांच्या घरांत राबणाऱ्यांनी स्वतःसाठी उभारलेले ते शहरातील सर्वांत मोठे घर होते.

नंतरची तीन-चार दशके दोन्ही मंडळ्या आपापल्या वाटेने चालल्या. 1940 नंतरच्या काळात डेक्स्टरला व्हर्नन जॉन्स हे विलक्षण पाळक लाभले. ग्रीक-लॅटिन जाणणारा हा विद्वान मुळात व्हर्जिनियाचा शेतकरी. चर्चच्या दाराशी तो भाजीपाला आणि कलिंगडे विकावयास बसे, आणि झकपक पोशाखातील मंडळीला ऐकवी की, शिकलेल्या माणसाने मातीला हात लावण्यात कमीपणा मानू नये. गोऱ्या पोलिसांकडून होणाऱ्या हत्यांवर उपदेश करावयाचा, तर तो विषय तो बाहेरच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहून टाकी. मंडळीतील प्रतिष्ठितांना हे पेलवेना. त्याने एकदा सोडून अनेकदा राजीनामा दिला आणि शेवटी 1952 च्या सुमारास तो कायमचा स्वीकारला गेला. त्याची पुतणी बार्बरा जॉन्स हिने 1951 साली व्हर्जिनियात आपल्या शाळेतील विद्यार्थ्यांचा संप घडविला. त्यातून निघालेला खटला पुढे शाळांतील वर्णभेद रद्द करणाऱ्या 1954 च्या प्रसिद्ध निकालात समाविष्ट झाला.

जॉन्स यांच्या जागी शांत, सुसंस्कृत, वाद न माजविणारा तरुण हवा म्हणून डेक्स्टरच्या मंडळीने शोध केला आणि 1954 साली पंचवीस वर्षांच्या मार्टिन ल्यूथर किंग यांना निवडले! इतिहासाच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी ती येथे. रिप्ली रस्त्यावर 1952 पासून राल्फ ॲबरनथी पाळक होते. अलाबामाच्या खेड्यातील शेतकऱ्याचा हा मुलगा रांगडा आणि हजरजबाबी होता, मजुरांच्या भाषेत बोलणारा होता. किंग अटलांटातील प्रतिष्ठित पाळकाचे चिरंजीव, तत्त्वज्ञानाचे व्यासंगी. चिखलावरून वेगळ्या झालेल्या दोन मंडळ्यांचे हे दोन पाळक एकमेकांच्या घरी जेवू लागले. त्यांच्या मैत्रीत एक जुनी फूट नकळत सांधली जात होती.

1 डिसेंबर 1955 रोजी रोझा पार्क्स यांना बसमधील जागा न सोडल्याबद्दल अटक झाली. त्याच रात्री डेक्स्टरच्या सभासद आणि महाविद्यालयातील अध्यापिका जो ॲन रॉबिन्सन यांनी बहिष्काराची हजारो पत्रके काढली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी पुढाऱ्यांची बैठक डेक्स्टरच्या तळघरात भरली. पत्रके लिहिणारी बुद्धी तेथे होती. परंतु बसमधून रोज जाणारी माणसे तेथे नव्हती. शिकलेल्यांपैकी अनेकांना स्वतःच्या मोटारी होत्या. बसच्या उतारूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कृष्णवर्णीय असत, आणि त्यांत बहुतेक स्वयंपाकिणी, मोलकरणी आणि मजूर होते. बहिष्कार चालला तो त्यांच्या पायांवर. एक दिवसाचा म्हणून सुरू झालेला हा बहिष्कार 381 दिवस टिकला. चर्चांनी मोठ्या मोटारी घेतल्या, त्यांवर आपापल्या मंडळीचे नाव रंगविले आणि लोक त्यांना गमतीने चाकांवरची चर्चे म्हणू लागले. आठवड्याच्या सभा आळीपाळीने निरनिराळ्या चर्चांत होत. 13 नोव्हेंबर 1956 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला आणि डिसेंबरच्या अखेरीस लोक पुन्हा बसमध्ये चढले.

मधल्या काळातील एक रात्र सांगितली पाहिजे. 30 जानेवारी 1956 रोजी किंग रिप्ली रस्त्यावरील विटांच्या चर्चमध्ये सभेस आले होते. सभा चालू असतानाच त्यांच्या घरावर बाँब पडल्याची बातमी पोचली. घरात त्यांची पत्नी कोरेटा आणि अडीच महिन्यांची मुलगी होती. दोघी सुदैवाने बचावल्या. किंग घरी पोचले तेव्हा अंगणात संतप्त जमाव होता आणि अनेकांजवळ हत्यारे होती. फुटलेल्या ओसरीवर उभे राहून त्यांनी जमावाला हत्यारे घरी नेण्यास सांगितले, आणि जमाव पांगला. 10 जानेवारी 1957 च्या पहाटे पाळी फर्स्ट बॅप्टिस्टची आली. किंग आणि ॲबरनथी अटलांटास गेलेले असताना शहरातील चार बॅप्टिस्ट चर्चे आणि दोन पाळकांची घरे स्फोटांनी हादरली. त्यांत ॲबरनथींचे घर आणि त्यांचे चर्च, दोन्ही होती. आरोपींवर खटला झाला आणि गोऱ्या ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले. भिंतींची डागडुजी झाली. आणलेली वीट एकदा जळाल्यावर पुन्हा कशी रचावयाची, हे या मंडळीला नव्याने शिकावे लागले नाही.

1959 च्या आरंभी किंग दांपत्य भारतात आले. मुंबईत ते गांधीजींच्या आठवणींनी भारलेल्या मणिभवनात राहिले. 1960 मध्ये किंग अटलांटास गेले. परंतु रिप्ली रस्त्यावरील जाड भिंतींची खरी कसोटी अजून व्हावयाची होती.

मे 1961 मध्ये गोरे आणि कृष्णवर्णीय तरुण एकत्र बसून आंतरराज्य बसमधून दक्षिणेत निघाले. न्यायालयाने दिलेला हक्क प्रत्यक्षात मिळतो का, हे त्यांना पाहावयाचे होते. अलाबामात ॲनिस्टनजवळ त्यांची एक बस जाळण्यात आली. 20 मे रोजी दुसरी तुकडी माँटगमेरीच्या स्थानकावर उतरली. तेथे पोलीस नव्हते; जमाव मात्र होता. जॉन लुईस, जिम झ्वर्ग, विल्यम बार्बी यांना रक्तबंबाळ होईपर्यंत मारण्यात आले. मध्ये पडलेल्या वॉशिंग्टनच्या न्यायखात्यातील अधिकाऱ्यालाही बेशुद्ध पाडण्यात आले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, या तरुणांच्या पाठिंब्यासाठी फर्स्ट बॅप्टिस्टमध्ये सभा भरली. सुमारे दीड हजार माणसे आत होती. म्हातारे होते, लेकुरवाळ्या बाया होत्या. डोक्याला पट्टी बांधलेले लुईस होते. पोलिसांनी ओळखू नये म्हणून या तरुणांना गायनवृंदाचे झगे घालून बसविले होते. अंधार पडला तसा बाहेर दुसरा जमाव वाढू लागला, आतल्यांहून मोठा. एक मोटार उलथवून पेटविण्यात आली. ती त्या रात्री सभेस आलेल्या जेसिका मिटफर्ड या लेखिकेने मित्रांकडून उसनी आणलेली होती. खिडक्यांच्या रंगीत काचांवर दगड येऊ लागले. केंद्र सरकारने पाठविलेले मार्शल टपालखात्याच्या मोटारींतून पोचले आणि त्यांनी अश्रुधूर सोडला. पण तो धूर वाऱ्याबरोबर चर्चमध्येच शिरला. खिडक्या लावून घ्याव्या तर मे महिन्याचा उकाडा, उघडाव्या तर धूर आणि दगड. मुलांना तळघरात नेण्यात आले. किंग खालच्या खोलीतून दूरध्वनीवर ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांच्याशी बोलत होते. वर पाळक सॉलोमन सी लोकांना गाण्यात गुंतवून ठेवीत होते. दाराबाहेर काही फुटांवर मृत्यू उभा असताना दीड हजार माणसे गात बसली होती, आणि कोणीही दार उघडून हाणामारीस बाहेर धावले नाही.

रात्री दहाच्या सुमारास गव्हर्नर पॅटर्सन यांनी लष्करी कायदा पुकारला. राज्याचे नॅशनल गार्ड आले आणि जमाव हटला. मात्र बंदुकांची तोंडे चर्चकडे वळविलेली होती आणि आतल्या माणसांना बाहेर पडण्याची मनाई होती. ज्यांच्यावर हल्ला झाला तेच पहारा ठेवण्याजोगे, असा हा न्याय! पहाटे चार-साडेचारनंतर गार्डच्या गाड्यांतून लोकांना घरी पोचविण्यास सुरुवात झाली. त्या भिंती, रोज एकेक वीट आणून रचलेल्या, रात्रभर टिकल्या. त्याच वर्षाच्या 1 नोव्हेंबरपासून आंतरराज्य बसस्थानकांवरील वर्णभेद बंद करण्याचा नियम अमलात आला. ॲबरनथी त्याच सुमारास अटलांटाच्या मंडळीत गेले.

1965 च्या 25 मार्चला सेल्माहून पायी निघालेले हजारो लोक डेक्स्टर चर्चवरून जाऊन सभागृहासमोर थांबले. चळवळीचे नाव जगभर झाले. 1978 मध्ये डेक्स्टरने आपल्या नावात किंग यांचे नाव जोडून घेतले. जगातून येणारे प्रवासी आधी तेथे जातात आणि ते योग्यच आहे. रिप्ली रस्त्याकडे त्या मानाने थोडे वळतात.

2013 च्या 2 मार्चला मात्र तेथे एक समारंभ झाला. जॉन लुईस तोवर अनेक वर्षे अमेरिकेच्या काँग्रेसचे सदस्य होते. माँटगमेरीचे तेव्हाचे पोलीसप्रमुख केव्हिन मर्फी फर्स्ट बॅप्टिस्टमध्ये उभे राहिले आणि 1961 साली बसस्थानकावर पोलिसांनी संरक्षण दिले नाही याबद्दल त्यांनी लुईस यांची क्षमा मागितली. मर्फी गोरे, मारहाण झाली तेव्हा त्यांचा जन्मही झालेला नव्हता. त्यांनी आपल्या गणवेशावरील अधिकाराचा बिल्ला काढला आणि लुईस यांच्या हाती ठेवला. लुईस यांनी विचारले की, हा दिल्यावर तुमचे कसे चालेल? मर्फी म्हणाले, दुसरा मिळेल. चाळीस वेळा तुरुंगात गेलेल्या त्या माणसाची कोणा पोलीसप्रमुखाने मागितलेली ती पहिलीच क्षमा होती. 2020 च्या जुलैत लुईस वारले, तेव्हा त्यांचे पार्थिव माँटगमेरीच्या त्याच सभागृहात अंत्यदर्शनासाठी ठेविले होते.